उतरण्याचा निर्णय उंचीवरच घ्यावा

फाल्गुन सरत आला की अंबड तालुक्यातील आमच्या खळ्यावर ज्वारीची उपणणी सुरू होई. वडील भरलेली पाटी घेऊन तिवईवर चढत. परंतु पाटी रिती करण्याची घाई त्यांना कधीही नसे. आधी चिमूटभर भूस बोटांच्या फटीतून सोडून ते त्याचा कल पाहत, मग बांधावरच्या लिंबाच्या शेंड्याकडे दृष्टी टाकीत, आणि वारा कोणत्या दिशेचा, किती जोराचा व किती वेळ टिकणारा आहे याची मनाशी खात्री पटल्यावरच पाटीचा काठ हळूहळू कलता होई. त्याच खळ्याच्या कडेला विजेच्या खांबावर एक घार नेहमी येऊन बसे. ती कोणत्याही दिशेने आली तरी खांबाजवळ येताच वळसा घेऊन वाऱ्याला सामोरी होत असे. पंख किंचित मागे घेई, शेपूट पसरी, पाय पुढे काढी, आणि शेवटच्या हातभर अंतरात वेग पार ओसरून ती अलगद टेके. एखादे वेळी अदमास चुकलाच तर ती खांबाशी झोंबत बसत नसे. खांब दूर असतानाच बाजूला वळून पुन्हा फेरी घेई.

पुढे इंजिनावाचून उडणाऱ्या विमानाची, म्हणजे ग्लायडरची, विद्या शिकू लागलो तेव्हा खळ्यावरची ही दोन दृश्ये मला पुनःपुन्हा आठवत गेली; कारण ग्लायडर उतरविताना जे अपघात होतात, त्यांतील फार मोठा भाग वाऱ्याची विचारपूस न केल्याने आणि वेळीच न वळल्याने होतो. हा लेख मी जालना जिल्ह्यातील दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहीत आहे: एक, जे तरुण ही विद्या शिकण्याची आकांक्षा बाळगून आहेत ते, आणि दुसरे, ज्यांच्या शिवारात एखादे दिवशी असे विमान अनपेक्षितपणे उतरू शकेल ते शेतकरी व ग्रामस्थ. दोघांनाही सांगावयाचे मुख्य सूत्र एकच आहे. ग्लायडर जमिनीवर आदळते ती घटना क्षणाची असते; परंतु तिचे बीज बहुधा हजार फुटांवर, लांबणीवर टाकलेल्या एखाद्या निर्णयात पडलेले असते.

उंची हेच भांडवल

जालना जिल्ह्यात ग्लायडर शिकविणारे केंद्र नाही. आपल्या राज्यात या विद्येचे प्रमुख स्थान पुण्याजवळील हडपसर येथे असून तेथील ग्लायडिंग केंद्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत आहे. तेथे विंच नावाच्या यंत्रावर लांब दोर वेगाने गुंडाळून ग्लायडर पतंगासारखे वर खेचले जाते आणि योग्य उंचीवर दोर सोडून दिला की ते सर्वस्वी हवेच्या स्वाधीन होते. स्वातंत्र्योत्तर काळात आपल्या नागरी विमान वाहतूक खात्याने स्वदेशी ग्लायडरांची जी मालिका निर्माण केली, तिला नक्षत्रांची नावे दिलेली होती: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. त्यांतील रोहिणी १९६१ साली प्रथम उडाले. त्यात गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसत असत. मृग आणि आर्द्रा यांच्या भरवशावर पेरणीचा मुहूर्त धरणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना ही नावे परकी वाटावयाची नाहीत.

ग्लायडर आणि इंजिनाचे विमान यांतील भेद उतरताना सर्वांत तीव्रतेने जाणवतो. इंजिन असलेल्या वैमानिकाचा अदमास चुकला तर तो शक्ती वाढवून पुन्हा वर जाऊ शकतो; घारीलाही पंखांचे बळ असते. ग्लायडरच्या वैमानिकाजवळ मात्र उंची हे एकच भांडवल असते, आणि ते प्रत्येक क्षणाला खर्ची पडत असते. वाटेत हवेचा ऊर्ध्वप्रवाह भेटला तर थोडी भर पडते. पण त्या आशेवर मुद्दल उधळणे म्हणजे न आलेल्या पिकावर कर्ज काढणे होय.

‘वैमानिकाची चूक’ म्हणजे काय

अपघातानंतर ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा मारून दप्तर बंद करण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. हा शेरा पुष्कळदा खरा असतो, पण तो अपुरा असतो. कारण चूक कोणाची हे कळल्याने चूक का झाली हे कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ जातीच्या बॉम्बफेकी विमानांचे अनुभवी वैमानिक जमिनीवर सुखरूप उतरल्यानंतर फ्लॅप, म्हणजे पंखांच्या कडेच्या झुकत्या फळ्या, मिटण्याऐवजी चाकेच मिटून टाकीत आणि विमान पोटावर बसे. अल्फान्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने १९४३ च्या सुमारास या प्रकरणाचा छडा लावला, तेव्हा त्याला आढळले की दोन्ही कळा एकमेकींशेजारी आणि हुबेहूब एकाच आकाराच्या होत्या. त्याने चाकांच्या कळीला चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या कळीला फ्लॅपच्या आकाराची मूठ बसविण्याची तजवीज केली, आणि थकलेल्या हाताला अंधारातही भेद कळू लागला. वैमानिकांना दटावून जे साधले नव्हते ते एका मुठीने साधले.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या करारनाम्याचे तेरावे परिशिष्ट १९५१ साली स्वीकारले गेले. अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे, दोषारोप करणे किंवा जबाबदारी लादणे हा नव्हे, असे तत्त्व त्यात आहे. शिकाऊ वैमानिकाने हेच तत्त्व स्वतःच्या मनाशी ठेवावे. चूक लपवू नये, तिच्याबद्दल स्वतःला शिव्याशापही देऊ नयेत. तिची उगमापर्यंत जबानी घ्यावी.

पहिली चूक: विलंब

समजा, आपले शिकाऊ ग्लायडर स्तब्ध हवेत एक मीटर उंची खर्चून पंचवीस मीटर पुढे जाते. तीनशे मीटर, म्हणजे सुमारे १००० फूट उंची हाताशी असेल तर कागदावरचा हिशेब साडेसात किलोमीटर निघतो, आणि येथेच नवशिका फसतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने ते सेकंदाला पंचवीस मीटर पुढे आणि एक मीटर खाली जात असते. पण जेथे एका जागी हवा वर चढते तेथे तिच्या शेजारी ती खालीही येत असते. ही उतरती हवा सेकंदाला तीन मीटरची असली तर एकूण घसरण चार मीटर होते, तीनशे मीटर पंचाहत्तर सेकंदांत संपतात आणि तेवढ्या अवधीत आपण दोन किलोमीटरही पुरते जात नाही. त्यातच समोरून ताशी ३६ किलोमीटरचा वारा असेल तर उरते ते जेमतेम अकराशे मीटर. साडेसात किलोमीटरवरचे धावक्षेत्र डोळ्यांना स्पष्ट दिसत असते, मन म्हणत असते की पोहोचेन. आणि हिशेब सांगत असतो की अर्ध्या कोसाचीही शाश्वती नाही.

यासाठी जगभरच्या ग्लायडर-शिक्षकांनी दीर्घ अनुभवाने एक सुलभ सोपान घालून दिला आहे. मैदानापासून दूर भटकलेल्या वैमानिकाने जमिनीपासून २००० फुटांवर आले की उतरण्याजोग्या प्रदेशाकडे वळावे. १५०० फुटांवर त्यातील एक निश्चित शेत निवडावे. आणि १००० फुटांवर, पुन्हा उंची मिळविण्याचा लोभ सोडून, त्या शेतात उतरण्याच्या फेरीला प्रारंभ करावा. एकदा फेरी सुरू केली की पंखाखाली कितीही मोहक ऊर्ध्वप्रवाह लागला तरी गिरकी घ्यावयाची नाही, असा निश्चय जमिनीवर असतानाच करून जावे. कारण मोहाच्या क्षणी केलेल्या निश्चयाला बळ नसते.

विलंबाच्या मुळाशी अज्ञानापेक्षा संकोचच अधिक असतो. परक्या शेतात उतरलो तर पंख सोडवून विमान गाडीवर लादावे लागेल, सोबत्यांना रात्री धावपळ करावी लागेल, मैदानावर चार लोक काय म्हणतील, या विचारांनी भलेभले वैमानिक शेवटचे सुरक्षित शेत मागे टाकतात. हा संकोच ज्याने जिंकला त्याने निम्मी विद्या साधली.

दुसरी चूक: शेवटचे वळण

येथे माझा स्वतःचा एक अनुभव सांगणे मी कर्तव्य समजतो. शिकाऊपणाच्या काळात चैत्रातील एका दुपारी मी एकटाच उडत होतो. सातशे फुटांवर उतरण्याच्या फेरीत शिरावयाचे, अशी स्पष्ट आज्ञा होती. नेमक्या त्या ठिकाणी उजवा पंख किंचित उचलला गेला. खाली ऊर्ध्वप्रवाह आहे असे वाटून मी एक गिरकी घेतली, मग आशेने दुसरी. प्रवाह केव्हाच विरला होता. शेवटच्या वळणाशी आलो तेव्हा उंची अडीचशे फुटांच्या आसपास उरली होती. पाठीवर वारा असल्याने खालची जमीन भराभर मागे पळत होती आणि त्यामुळे वेग भरपूर आहे असा भास होत होता. जमीन इतकी जवळ असताना पंख कलविण्याचे धैर्य होईना, म्हणून मी नकळत रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूवर, पाय दाबून नाक वळवू लागलो. समोरच्या काचेवर लोकरीचा एक लाल धागा चिकटविलेला असतो. विमान सरळ हवेत चालले असेल तर तो नीट मध्ये राहतो. तो धागा एका बाजूला जवळजवळ आडवा झालेला मला दिसला. शिक्षकांनी शंभरदा घोकून घेतल्यामुळे पाय आपोआप सैल झाला, हातातील दांडा पुढे गेला, नाक खाली आले, आणि मी मैदानाच्या अलीकडच्या वखरलेल्या पट्टीत धक्का खाऊन पण धडधाकट उतरलो.

शिक्षक चालत आले. “चूक कोठे झाली?” असे त्यांनी विचारले. “वळणावर,” मी म्हणालो. “नाही,” ते म्हणाले, “सातशे फुटांवर. वळणावर तिचे व्याज भरावे लागले.”

त्या वळणावर काय घडू शकले असते ते वाचकांनी नीट समजून घ्यावे. पंखावरून हवा पुरेशा वेगाने व योग्य कोनातून वाहत असेल तोवरच तो भार पेलतो. कोन मर्यादेबाहेर गेला की आधार एकाएकी सुटतो. यालाच वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. विमान कलते करून वळविले की पंखांवरचा भार वाढतो आणि त्याबरोबर स्टॉलची गतीही वाढते. सरळ उडताना ती ताशी ६० किलोमीटर असेल, तर पंचेचाळीस अंशांच्या कलात सुमारे ७१ आणि साठ अंशांच्या कलात सुमारे ८५ होते. त्यातच रडर जास्त दाबून नाक आत ढकलले तर आतील पंखाचा आधार आधी सुटतो, तो पंख खाली कोसळतो आणि विमान गरगरत नाकावर येते. हीच ‘स्पिन’ होय. तिच्यातून बाहेर पडण्याची रीत ठाऊक असली तरी तिला काही शे फूट उंची लागते, आणि अंतिम वळणावर तेवढी उंची नसतेच.

उड्डाणविद्येचा आद्य आचार्य ओटो लिलिएंथाल याने स्वतः बनविलेल्या ग्लायडरांतून दोन हजारांवर उड्डाणे केली होती. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याच्या ग्लायडरचे नाक वर गेले, पंखांचा आधार सुटला, आणि सुमारे पंधरा मीटरवरून पडून दुसऱ्या दिवशी त्याचा अंत झाला. केवढा अनुभवी पुरुष आणि किती थोडी उंची! म्हणून नियम असा की अंतिम वळण तीनशे फुटांच्या खाली करू नये; ते भरपूर वेग राखून, बेताच्या कलाने आणि लोकरीचा धागा मध्ये ठेवून करावे. धाग्याचे मोकळे टोक ज्या बाजूला जाईल त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय दाबावा, एवढे सूत्र पाठ असावे.

तिसरी चूक: वाऱ्याची अवगणना

उतरण्याच्या मार्गावर किती वेग ठेवावा हे प्रत्येक ग्लायडरच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि वेगमापकावर पिवळ्या त्रिकोणाने दर्शविलेलेही असते; त्यात समोरच्या वाऱ्याच्या गतीचा निम्मा भाग मिळवावा, असा सर्वमान्य प्रघात आहे. याचे कारण असे की जमिनीलगत झाडे, बांध आणि घरे यांच्या घर्षणाने वारा मंदावतो. उंचावर समोरून जोराने येणारा वारा शेवटच्या शंभर फुटांत एकाएकी क्षीण झाला की विमानाचा हवेतील वेगही तेवढ्याने घटतो, आणि ज्याने शिल्लक ठेवलेली नाही त्याचे विमान टप्पकन खाली बसते.

वारा पाठीवर घेऊन उतरण्याचे परिणाम गणिताने पाहा. टेकतेवेळी हवेतील वेग ताशी ७० किलोमीटर आणि वारा २० चा असेल, तर वाऱ्याला सामोरे उतरणाऱ्याचा जमिनीवरील वेग ५० आणि पाठीवर वारा घेणाऱ्याचा ९० होतो. थांबविण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती दुसऱ्या प्रकारात तिपटीहून अधिक भरते. बांधावर आदळणे आणि बांधाच्या अलीकडे थांबणे यांतील अंतर बहुधा एवढेच असते.

जालन्याच्या उन्हाळ्याची आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. जिल्ह्याचा बराच भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, आणि वैशाखात तापमान चाळीस अंशांवर जाते. अशा विरळ हवेत वेगमापक जो आकडा दाखवितो त्याहून खरा वेग सुमारे सात-आठ टक्क्यांनी अधिक असतो. आकडा पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा, पण टेकल्यानंतर धाव लांबेल हे गृहीत धरून शेत मोठे निवडावे.

चौथी चूक: हाताची आणि डोळ्याची

ग्लायडरच्या पंखांतून फळ्या वर येऊन घसरण वाढविणारा एअरब्रेक, चाक उघडण्याची कळ आणि काही विमानांत फ्लॅपची कळ, या पुष्कळ ग्लायडरांत डाव्या हाताशी असतात. चॅपॅनिसने सोडविलेले कोडे येथे पुन्हा उभे राहते: घाईत एअरब्रेक समजून भलतीच कळ ओढली जाते, आणि विमान अपेक्षेप्रमाणे खाली का येत नाही याचा उलगडा होईतो अर्धे शेत निघून जाते. दुसरा प्रकार याहून चमत्कारिक आहे. वैमानिक उड्डाणानंतर चाक मिटण्यास विसरलेला असतो. उतरताना सवयीने कळ हलवितो, आणि उघडे असलेले चाक मिटवून टाकतो. उपाय साधा आहे. कळीला हात लावण्यापूर्वी ती डोळ्यांनी पाहावी, तिचे नाव तोंडाने मोठ्याने उच्चारावे, आणि ती हलविल्यावर पंखाकडे पाहून फळी खरोखर वर आली की नाही याची खातरजमा करावी. एकटे असतानाही मोठ्याने बोलण्यात लाज कसली?

जमिनीपासून काही फुटांवर आल्यावर दांडा हलकेच मागे घेऊन विमान जमिनीला समांतर करावे लागते. या वेळी दृष्टी नाकापुढच्या जमिनीवर नको, शेताच्या पलीकडच्या टोकावर हवी. जवळ पाहणारा उशिरा आणि जोराने दांडा ओढतो, विमान उसळून वर जाते, मग तो घाबरून दांडा पुढे लोटतो आणि नाक जमिनीत रुतते. उसळी आलीच तर दांडा पुढे ढकलू नये. पंख समतल ठेवून, एअरब्रेक थोडा आवरून, विमानाला पुन्हा शांतपणे बसू द्यावे.

जालन्याच्या शिवारात शेत कसे निवडावे

उत्तरेला भोकरदनकडील अजिंठ्याच्या डोंगररांगेपासून दक्षिणेला अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांतील गोदावरीकाठापर्यंत हा प्रदेश उतरत गेलेला आहे. त्यामुळे पहिली सावधगिरी अशी की उंचीमापक जेथून उड्डाण केले त्या मैदानापासूनची उंची दाखवितो, खालच्या शेतापासूनची नव्हे. परक्या मुलखात त्या काट्यावर विसंबू नये; खालची गुरे, झाडे आणि घरे किती मोठी दिसतात यावरून डोळ्यांनी अदमास करण्याचा सराव आधीपासून ठेवावा.

दुसरी गोष्ट जमिनीच्या पृष्ठभागाची. सोयाबीन किंवा हरभरा काढून वखरलेले रान उत्तम. उन्हाळ्यात ट्रॅक्टरने खोल नांगरून तापत ठेवलेली काळी जमीन वरून गुळगुळीत भासते, पण तिच्यातील ढेकळे डोक्याएवढी असतात. आणि न नांगरलेल्या काळ्या रानाला पडलेल्या भेगांत चाक अडकते. कपाशी वेचून झाली तरी पऱ्हाट्या उभ्या असतात; त्या कमरेएवढ्या आणि काठीसारख्या कडक. अशा पिकात एक पंख आधी अडकला की विमान जागच्या जागी गर्रकन फिरते आणि शेपटी मोडते. उंच पिकात उतरणे अटळच झाले तर पिकाचे शेंडे म्हणजेच जमीन असे मानावे आणि पंख अगदी समतल ठेवून कमीत कमी वेगाने बसावे. मोसंबीच्या बागा आणि गोदाकाठचा ऊस यांकडे वळूच नये. सऱ्या असतील तर त्यांच्या दिशेने उतरावे, त्यांना छेदून नव्हे.

तिसरी गोष्ट तारांची. वरून तार दिसत नाही, खांब दिसतो. म्हणून दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहे, आणि शेतात विहीर वा आखाडा दिसला की तेथपर्यंत वीज गेलेली आहे, असे निश्चित मानावे. वन्य प्राण्यांसाठी घातलेले तारेचे कुंपणही बांधावर असू शकते. चढ वरून कळत नाही. परंतु ओढा, नाला आणि शेततळे कोणत्या बाजूला आहे यावरून जमिनीचा उतार ओळखता येतो. डोळ्यांना जाणवण्याइतका उतार असेल तर वारा थोडा विरुद्ध असला तरी चढाच्या दिशेनेच उतरावे.

वाऱ्याची दिशा सांगणारे साक्षीदार या मुलखात पुष्कळ आहेत: जालना शहराजवळच्या पोलाद कारखान्यांची धुराडी, देवळाच्या शिखरावरील ध्वज, वखरामागे उडणारी धूळ, आणि शेततळ्याचे पाणी, ज्याची वाऱ्याकडील कड शांत आणि पलीकडील बाजू लहरींनी खडबडीत असते. यांपैकी निदान दोघांची साक्ष जुळल्यावाचून निर्णय करू नये. चैत्र-वैशाखातील वावटळ ऊर्ध्वप्रवाहाची खूण म्हणून उंचावर प्रिय असली तरी उतरताना तिच्यापासून दूर राहावे. ती क्षणात वाऱ्याची दिशा पालटते.

आणि शरीराकडे दुर्लक्ष करू नये. काचेच्या आवरणाखाली दुपारच्या उन्हात तीन-तीन तास बसलेल्या माणसाच्या अंगातील पाणी आटते, आणि त्याबरोबर विवेकही आटतो. पाणी जवळ ठेवावे व तहानेची वाट न पाहता प्यावे. रात्रीची झोप अपुरी असेल, घरात काही चिंता असेल, तर त्या दिवशी मैदानावर जाऊन सोबत्यांचे दोर ओढावेत; उडू नये.

ग्रामस्थांनी काय करावे

आपल्या रानात असे लांब पंखांचे विमान निःशब्द येऊन उतरले तर ते शत्रूचे नाही आणि बहुधा पडलेलेही नाही. त्याचा वैमानिक विचारपूर्वक तेथे आलेला असतो. ते उतरत असताना मुलांनी व गुराख्यांनी त्याच्या वाटेत धावू नये, गुरे बाजूला हाकावीत. उतरल्यावर पंखांना, शेपटीला हात लावू नये, कारण ती ओझ्याला बळकट असली तरी चुकीच्या जागी दाबल्यास मोडतात. वैमानिकानेही शेताच्या मालकाची प्रथम भेट घ्यावी, पिकाचे नुकसान झाले असल्यास ते प्रामाणिकपणे मान्य करून भरपाईची व्यवस्था करावी, आणि पोलीस पाटलास इतल्ला द्यावी. या सौजन्यावर पुढच्या वैमानिकाचे स्वागत अवलंबून असते.

अपघात झाला असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस यांना तत्काळ बोलवावे. वैमानिक शुद्धीवर असला तरी त्याला खांद्याला धरून ओढून काढू नये. जोराने खाली आदळलेल्या माणसाच्या पाठीच्या कण्याला इजा झालेली असू शकते, आणि उत्साहाने केलेली ओढाताण त्याला जन्माचे अपंगत्व देऊ शकते. आग लागली असेल किंवा लागण्याचे भय असेल तरच बाहेर काढावे. एरवी डोके व मान स्थिर धरून, सावली करून, त्याच्याशी बोलत राहावे. जवळपास विडी-काडी ओढू नये, कारण काही ग्लायडरांना लहान इंजिन व इंधनही असते. मोडलेले भाग पंचनामा होईपर्यंत आहेत तेथेच राहू द्यावेत. आठवण म्हणून कोणी तुकडा घरी नेला तर अपघाताचे खरे कारणच त्याच्याबरोबर जाते.

ही विद्या केवळ हौसेची आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी एक प्रसंग ध्यानात घ्यावा. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाचे इंधन, पौंड आणि किलोग्रॅम यांच्या हिशेबातील घोटाळ्यामुळे, ४१,००० फुटांवर असताना संपले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. विमानात ६९ माणसे होती. कप्तान रॉबर्ट पीअरसन हे ग्लायडर उडविणारे होते. विनिपेगच्या विमानतळापर्यंत पोहोचता येणार नाही हे हिशेबाने दिसताच त्यांनी तो आग्रह सोडून गिमली येथील जुन्या धावपट्टीकडे मोर्चा वळविला. जवळ आल्यावर उंची जास्त ठरली तेव्हा ग्लायडरच्या वैमानिकाला परिचित असलेल्या रीतीने विमान तिरके धरून ती खर्च केली आणि सर्वांना जिवंत उतरविले. कौशल्य शेवटच्या मिनिटात दिसले खरे. पण माणसे वाचली ती विनिपेग सोडण्याच्या निर्णयाने, आणि तो निर्णय हाती उंची असताना झाला होता.

खळ्यावर कित्येकदा असे होई की निम्मी रास उपणायची राहिलेली असताना संध्याकाळचा वारा पडू लागे. आम्ही मुले म्हणत असू की आणखी चार पाट्या होतील. वडील चिमूटभर भूस सोडून पाहत. ते सरळ पायाशी पडले की पाटी खाली ठेवून, अंधार पडण्यापूर्वीच, तिवईवरून उतरत आणि रास झाकून घेत. उरलेले काम दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्यावर होत असे. हडपसरला किंवा अन्यत्र ही विद्या शिकण्यास जाणाऱ्या जालन्याच्या प्रत्येक तरुणाने एवढी सवय घरूनच बरोबर न्यावी.